हजार चेंडूंची शिकवणी

लॉस एंजेलिसमधील गोल्फच्या एका सराव मैदानावर १९३३ साली एक तरुणी रोज हजर होत असे. समोर चेंडूंची बादली, हातात स्टिक आणि शेजारी एक प्रशिक्षक. बादली रिकामी झाली की दुसरी येई. दिवसभरात हजार, कधी त्याहूनही अधिक चेंडू मारून होत. तळहातांवरचे फोड फुटत, रक्त येऊ लागे. मग हातांना चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हा उभी राही. ही कोणी अनाम होतकरू नव्हती. आदल्याच वर्षी याच शहरात भरलेल्या ऑलिम्पिकमध्ये तिने दोन सुवर्ण आणि एक रौप्य अशी तीन पदके मिळवली होती आणि तिचे नाव अमेरिकेत घरोघरी पोहोचले होते. मिल्ड्रेड डिड्रिक्सन हे तिचे नाव. जग तिला ‘बेब’ म्हणून ओळखत असे. कीर्तीच्या शिखरावरून खाली उतरून ही मुलगी एका नव्या खेळाच्या बालवर्गात येऊन बसली होती.

तिच्या चरित्रातला हा भाग फारसा सांगितला जात नाही. सांगितली जाते ती दुसरीच गोष्ट. ऑलिम्पिक संपता संपता प्रख्यात क्रीडा पत्रकार ग्रँटलँड राइस यांनी तिला ब्रेंटवूड कंट्री क्लबवर खेळायला नेले. पुढे त्याच वर्षी पीजीए विजेता ठरलेला ऑलिन डुट्रा तेथे व्यावसायिक प्रशिक्षक होता. त्याने तिला दोन-चार प्राथमिक गोष्टी सांगितल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्टिक हाती धरलेल्या या पोरीने पुरुषांनाही लाजवतील असे लांब फटके मारले, अशी ती गोष्ट. राइस यांच्या लेखणीने ती देशभर नेली आणि बेबने ती कधी मनापासून खोडून काढली नाही. वास्तविक शाळेत असतानाच व्यायामशिक्षिकेबरोबर ती गावच्या सार्वजनिक मैदानावर गोल्फ खेळली होती. पण स्वतःभोवती दंतकथा विणण्याचा तिला भारी सोस. ऑलिम्पिकच्या वेळी एकवीस वर्षांची असूनही ती स्वतःचे वय दोन-तीन वर्षांनी कमी सांगत असे. उपजत प्रतिभेची कहाणी श्रमाच्या कहाणीपेक्षा अधिक खपते, हे तिला वृत्तपत्रवाल्यांइतकेच ठाऊक असावे.

बेबचा जन्म २६ जून १९११ रोजी टेक्सासमधील पोर्ट आर्थर या बंदराच्या गावी झाला. आईवडील नॉर्वेहून आलेले. वडील ओले सुतारकाम करीत. जहाजांवर आणि पुढे फर्निचरच्या कामावर त्यांनी सात मुलांचा संसार चालवला. बेब सहावी. १९१५ च्या वादळानंतर कुटुंब जवळच्याच बोमाँट शहरात गेले. तेथे वडिलांनी परसात मुलांसाठी व्यायामाची साधने स्वतःच्या हातांनी उभारली. घरात पैसा नव्हता, पण खेळाला मज्जाव नव्हता, ही त्या काळातल्या मुलीच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. बास्केटबॉलमधले तिचे कसब पाहून डल्लासच्या एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टी या विमा कंपनीने १९३० मध्ये तिला नोकरीवर घेतले. पद लघुलेखिकेचे, पगार महिना ७५ डॉलर आणि खरे काम कंपनीच्या ‘गोल्डन सायक्लोन्स’ या महिला संघासाठी खेळण्याचे. मंदीच्या त्या दिवसांत या पगारातला बराचसा भाग बोमाँटला जात असे.

१९३२ च्या जुलैमध्ये इव्हॅन्स्टन येथे राष्ट्रीय अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. तीच ऑलिम्पिकची निवड चाचणी होती. कंपनीने संघ म्हणून एकट्या बेबला पाठवले. एका दुपारी तिने आठ प्रकारांत भाग घेतला, पाच निर्विवाद जिंकले, उंच उडीत पहिला क्रमांक विभागून घेतला आणि ३० गुण मिळवून सांघिक विजेतेपद एकटीने नेले. दुसऱ्या आलेल्या इलिनॉय संघात बावीस जणी होत्या. त्यांचे गुण २२. ऑलिम्पिकमध्ये महिलांना तीनच प्रकारांत उतरण्याची मुभा होती. भालाफेक आणि ८० मीटर अडथळा शर्यत तिने जिंकली. उंच उडीत बरोबरीची उंची गाठूनही तिची उडी मारण्याची पद्धत नियमबाह्य ठरली आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

यानंतर काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारात घेतला नव्हता. आजच्यासारखे पुरस्कर्ते नव्हते, महिला धावपटूला उपजीविकेचा मार्ग नव्हता. वर्ष संपण्यापूर्वीच एका मोटारीच्या जाहिरातीत तिचे नाव आणि छायाचित्र झळकले म्हणून हौशी अॅथलेटिक्स संघटनेने तिला निलंबित केले. मग शिकागोच्या रंगभूमीवर तिने विविधरंगी कार्यक्रम केले. फिरत्या पट्ट्यावर धावून दाखवायचे, माउथ ऑर्गन वाजवायचा, प्रेक्षकांना हसवायचे. पैसा बरा मिळे. पण बंद थिएटरच्या काळोखात दिवस काढणे तिच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. थोडी पुंजी गाठीला लागताच तिने रंगभूमी सोडली आणि आईला, बहिणीला घेऊन कॅलिफोर्नियाची वाट धरली. गोल्फ शिकायचे, एवढेच तिने ठरवले होते.

गोल्फच का, याची दोन उत्तरे आहेत. पहिले व्यवहाराचे. या खेळात स्त्रीला वयाच्या चाळिशीपर्यंत उतरता येत होते आणि तिची दखल घेतली जात होती. दुसरे उत्तर अधिक बोचरे आहे. ऑलिम्पिकनंतर वृत्तपत्रांतील काही लेखकांनी तिच्या अंगकाठीची, आखूड केसांची, पुरुषी वाटणाऱ्या वागण्याची कुचेष्टा आरंभली होती. ती खरोखर स्त्री आहे काय, इथपर्यंत मजल गेली होती. गोल्फ हा त्या समाजात कुलीन स्त्रियांना शोभणारा खेळ मानला जाई. त्या मैदानावर तिच्याकडे बोट दाखवणे कठीण जाईल, असा हिशेब तिच्या मनात नसेलच असे नाही.

पण हा खेळ बळाला वश होत नाही. बेबच्या अडचणीचे मूळ नेमके येथे होते. धावण्यात, उडीत, भालाफेकीत तिचे शरीर तिचे ऐकत असे. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. धावून येणारा प्रतिस्पर्धी नाही, गोलंदाज नाही. नवशिक्याला हे सोपे वाटते आणि तो तिथेच फसतो. पकड जराशी घट्ट झाली, डोके वर उचलले गेले, खांदे घाईने वळले, की दोनशे यार्डांवर जाणारा चेंडू झाडीत शिरतो किंवा चार पावलांवर घरंगळतो. जितके अधिक बळ, तितकी चूक मोठी. शिवाय लांब फटका हा खेळाचा निम्माच भाग. ग्रीनजवळ आल्यावर चेंडू हलकेच उचलून टाकायचा, मग गवताचा उतार पाहून तो भोकात घालवायचा, यासाठी लागणारी बोटांतली जाण वेगळीच. लांबचा फटका आणि तीन फुटांवरचा पट, दोन्हींची मोजणी एकेकच होते. अठरा होल्समध्ये कोणी किती फटके घेतले, एवढाच या खेळाचा जमाखर्च.

स्टॅन कर्टेस या तरुण प्रशिक्षकाने तिला हे सारे मुळापासून शिकवले आणि त्यासाठी एक पैसाही घेतला नाही. पकड, उभे राहणे, स्टिक मागे नेणे आणि त्याच लयीत पुढे आणणे. एकेक गोष्ट शेकडो वेळा. ऑलिम्पिक विजेतीने हे निमूट केले, यातच तिचे खरे असामान्यत्व दिसते. अंगभूत गुणांवर मोठे झालेले खेळाडू सहसा विद्यार्थी म्हणून नापास होतात. बेबला मात्र प्रश्न विचारण्याची लाज नव्हती आणि बढाईखोर असूनही सरावाच्या मैदानावर ती स्वतःला फसवत नसे.

पुंजी संपली, तेव्हा शिकवणीही थांबली. ती टेक्सासला परतली. त्यातच वडील आजारी पडले, घरचा भार तिच्यावर आला. जुन्या विमा कंपनीने तिला पुन्हा नोकरी दिली, एवढेच नव्हे तर डल्लास कंट्री क्लबच्या जॉर्ज ऑलबॅक यांच्याकडील शिकवणीचा खर्चही उचलला. तरीही हातात पुरेसा पैसा येईना. मग तिने पुरुषांना घेऊन बास्केटबॉलचा फिरता संघ काढला. १९३४ मध्ये तर ‘हाउस ऑफ डेव्हिड’ या लांब दाढ्या राखणाऱ्या खेळाडूंच्या बेसबॉल संघाबरोबर ती गावोगाव हिंडली. एखाद-दुसरा डाव गोलंदाजी करायची, लोकांची करमणूक करायची आणि पुढच्या गावाला जायचे. अपमानास्पद वाटावे असे हे काम; पण त्या पैशाने गोल्फचे दिवस विकत घेता येत होते.

डल्लासमधील तिचा दिनक्रम तिने पुढे स्वतःच सांगितला आहे. भल्या पहाटे साडेपाचला मैदानावर, साडेआठपर्यंत सराव, मग कचेरी. दुपारच्या सुट्टीत साहेबाच्या खोलीतल्या गालिच्यावर पटचा सराव आणि त्याच खोलीतल्या चामडी खुर्चीत चेंडू उडवून बसवण्याचा खटाटोप. कचेरीतून सुटल्यावर पुन्हा शिकवणी आणि अंधार पडेतो चेंडू. रात्री अंथरुणात खेळाच्या नियमांचे पुस्तक. तिच्या इतर कहाण्यांप्रमाणे यातही थोडे मीठमसाला असेल. परंतु निकाल पाहता फारसा नसावा. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये फोर्ट वर्थ येथील निमंत्रितांच्या स्पर्धेत ती प्रथमच उतरली, पात्रता फेरीत ७७ फटक्यांत अठरा होल्स संपवून सर्वांत पुढे राहिली आणि पुढे बाद फेरीत हरली. कधीकधी साऱ्या दिवसाचा खेळ सुरेख आणि एखादा तास भोवणारा, ही नवशिक्याची अवस्था अजून संपली नव्हती.

खरी परीक्षा १९३५ च्या एप्रिलमध्ये झाली. टेक्सासची महिला हौशी स्पर्धा ह्यूस्टनच्या रिव्हर ओक्स कंट्री क्लबवर होती. तेथे स्पर्धक होत्या तेल, कापूस आणि जमीनजुमल्याच्या पैशात वाढलेल्या घरंदाज स्त्रिया. सुताराच्या मुलीचे त्यांच्यात स्वागत झाले नाही. मालमोटार हाकणाऱ्यांच्या मुली या स्पर्धेला नकोत, असे एका प्रतिष्ठित खेळाडूने उघडपणे बोलून दाखवल्याचे सांगतात. बेबने उत्तर दिले ते मैदानावर. अंतिम सामना पेगी चँडलर या अनुभवी खेळाडूशी, छत्तीस होल्सचा. सुरुवातीला बेबने मोठी आघाडी घेतली, ती गमावली, पिछाडीवर पडली आणि अखेर बरोबरी साधून चौतिसाव्या होलवर आली. तेथे तिचा चेंडू ग्रीनपलीकडे, गाडीच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीत जाऊन रुतला. मालमोटारवाल्यांच्या नावाने हिणवल्या गेलेल्या मुलीला गाडीच्याच चाकोरीतून वाट काढायची होती. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता तर तो ओढूनताणून आणलेला वाटला असता. बळाने चेंडू निघाला नसता. तिने तो अचूक उचलला, तो ग्रीनवर पडला आणि घरंगळत भोकात गेला. खुर्चीत चेंडू बसवण्याची दुपारची ती उठाठेव तेथे कामी आली. दोन होल्सच्या फरकाने बेब विजेती ठरली.

हा आनंद काही आठवडेच टिकला. ज्या स्त्रीने इतर खेळांतून पैसा मिळवला ती हौशी खेळाडू असू शकत नाही, अशी तक्रार गेली आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती मान्य केली. नियमाच्या चौकटीत पाहिले तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण त्या काळी महिलांच्या जवळपास साऱ्याच स्पर्धा हौशी खेळाडूंसाठी होत्या; व्यावसायिक स्त्रीला भाग घेता येईल अशा एक-दोनच. म्हणजे ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनीच खेळावे, ज्यांना खेळून पोट भरायचे आहे त्यांनी दुसरीकडे जावे, असाच त्याचा अर्थ झाला. तीन वर्षे हातांना पट्ट्या बांधून शिकलेला खेळ खेळायला जागाच उरली नाही.

बेबने क्रीडासाहित्याच्या एका कंपनीशी करार केला आणि जीन सराझेन या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूबरोबर प्रदर्शनीय सामन्यांचा दौरा धरला. लोक येत ते तिची आतषबाजी पाहायला. तिचे लक्ष मात्र सराझेनकडे असे. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्यासाठीची आधुनिक स्टिक त्याच्याच नावावर जमा आहे. असा शिक्षक रोज शेजारी उभा, वर त्याबद्दल पैसे मिळतात, ही संधी तिने सोडली नाही. १९३८ च्या जानेवारीत तर तिने लॉस एंजेलिस ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत नाव दिले. ८४ आणि ८१ फटके झाले, अंतिम टप्पा गाठता आला नाही. पण तिच्या गटात जॉर्ज झहारियास नावाचा धिप्पाड पहिलवान होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दोघांचे लग्न झाले.

जॉर्ज कुस्त्यांच्या धंद्यात चांगले कमावत होता. त्यामुळे बेबला प्रथमच असा श्वास घेता आला, की जो हौशी खेळाडू म्हणवणाऱ्यांना जन्मतःच मिळतो. तिने व्यावसायिक कमाई सोडली, तीन वर्षे थांबण्याची अट पाळली आणि १९४३ मध्ये तिला हौशी दर्जा परत मिळाला. या काळात फोर्ट वर्थच्या एका सधन दांपत्याने तिला घरच्यासारखे जवळ केले होते. उच्चभ्रू क्लबांत वावरायचे कसे, नेसायचे काय, याचे धडे तिला त्या घरी मिळाले. हेही एक प्रकारचे शिकणेच.

मग मात्र तिला कोणी अडवू शकले नाही. १९४६ मध्ये अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा तिने जिंकली. १९४७ च्या जूनमध्ये स्कॉटलंडमधील गलन येथे ब्रिटिश महिला हौशी विजेतेपद मिळवणारी ती पहिली अमेरिकन ठरली. १८९३ पासून चालत आलेल्या स्पर्धेत हे घडायला इतकी वर्षे लागली होती. सलग सतरा स्पर्धा जिंकल्याचे ती सांगत असे. मधला एक पराभव तिने हिशेबात धरला नव्हता, असे चरित्रकारांनी दाखवून दिले आहे. तो धरला तरी उरलेली मालिका कोणालाही पुरून उरावी अशीच आहे. त्यानंतर ती पुन्हा व्यावसायिक झाली आणि या खेपेस रस्ता नसेल तेथे तो तयार करायला निघाली. १९५० मध्ये तेरा महिलांनी मिळून महिला व्यावसायिकांची संघटना, एलपीजीए, स्थापन केली. पॅटी बर्ग आणि बेब त्यांत अग्रभागी होत्या. त्याच वर्षी महिलांच्या तिन्ही प्रमुख स्पर्धा बेबने जिंकल्या. तिच्या नावावर एलपीजीएची ४१ विजेतेपदे आहेत. सहकारी खेळाडूंना ती नेहमी आवडत असे, असे मात्र नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत शिरताच आज दुसरी कोण येणार, असे ती मोठ्याने विचारी. परंतु प्रेक्षक तिच्यासाठी येतात आणि त्यावर सर्वांची चूल पेटते, हे त्या जाणून होत्या.

१९५३ च्या एप्रिलमध्ये बोमाँटमध्ये तिच्याच नावाने भरलेली स्पर्धा तिने जिंकली आणि काही दिवसांतच गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेत आतड्याचा मार्ग बदलून पोटावर काढावा लागला. रोग लसिकाग्रंथींपर्यंत गेल्याचे डॉक्टरांना आढळले होते. ते जॉर्जला आणि तिची निकटची मैत्रीण, गोल्फपटू बेटी डॉड हिला सांगण्यात आले, बेबला नाही. रुग्णालयातील खोलीच्या कोपऱ्यात तिच्या स्टिक उभ्या होत्या. कर्करोग हा शब्दही चारचौघांत उच्चारला जात नसे, अशा काळात तिने आपला आजार वृत्तपत्रांना उघड सांगितला.

साडेतीन महिन्यांनी ती शिकागोजवळच्या टॅम ओशँटर मैदानावर उतरली. बेटी डॉडला तिच्याच गटात ठेवण्याची विनंती आयोजकांनी मान्य केली होती. पोटाच्या स्नायूंतून येणारी जुनी ताकद नव्हती, लय हरवली होती, सोपे पट चुकत होते. एका होलवर ती खाली बसली आणि रडली. मैदान सोडण्याचा सल्ला तिने ऐकला नाही. त्या स्पर्धेत ती पंधरावी आली. पुढच्याच आठवड्यात त्याच मैदानावर तिसरी. पुन्हा एकदा सारे पहिल्यापासून गिरवणे चालू होते, फक्त आता वय बेचाळीस होते.

१९५४ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम कंट्री क्लबवर अमेरिकन महिला ओपन झाली. अखेरच्या दिवशी छत्तीस होल्स खेळायचे होते. चार फेऱ्यांत २९१ फटके घेऊन बेबने ती स्पर्धा जिंकली. दुसऱ्या क्रमांकाची बेटी हिक्स बारा फटक्यांनी मागे होती. त्या वर्षी तिने पाच स्पर्धा जिंकल्या. १९५५ मध्ये आणखी दोन जिंकल्यावर पाठीचे दुखणे बळावले. रोग परतला होता.

१९५५ चा नाताळ तिने फोर्ट वर्थला त्याच जुन्या दांपत्याच्या घरी घालवला. चालणेही कठीण झाले होते. एके दिवशी तिने गोल्फचे मैदान पाहायची इच्छा व्यक्त केली. तिला मोटारीने कोलोनियल कंट्री क्लबवर नेण्यात आले. रात्रीचे कपडे आणि वर झगा, अशा वेशात ती आधाराने गाडीतून उतरली, एका ग्रीनपर्यंत गेली, गुडघ्यांवर बसली आणि तळहात गवतावर टेकवला. मग सारे घरी परतले. २७ सप्टेंबर १९५६ रोजी गॅल्व्हस्टनच्या रुग्णालयात तिचे निधन झाले. तेव्हा ती ४५ वर्षांची होती.